कायमचं ओझं

फार्मिंग्टनला, नदीपलीकडच्या गल्लीत
वेंडेल त्सोसीचं गॅरेज. दोन जॅक, एक आंधळी मांजर,
आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले मोडके भाग:
वाकलेला लिंक, फुटलेला बुश, तेल गळून मेलेला शॉक.
प्रत्येकाखाली खडूने रस्त्याचं नाव.

अन्वयला चार इंच हवे होते.
त्याने फोनवर फोटो दाखवला:
लाल गाडी, एक चाक खडकावर, तीन हवेत.
वेंडेलने तो पाहिला, दुसऱ्याच्या नातवाचा पाहावा
तितक्या सौजन्याने. मग मला विचारलं,
‘उंचीचं नंतर बघू. कायमचं ओझं किती?’

इतक्या सरळ हा प्रश्न
मला आजवर कोणी विचारला नव्हता.

स्पेसर म्हणजे, तो म्हणाला, उसनी उंची.
जुन्याच स्प्रिंगच्या डोक्यावर चकती.
(मला दिसलं: फडताळातला वरचा डबा काढायला
पाटावर चढलेली मी.
हात पोचतो, पाय काही लांब होत नाहीत.)
खरी स्प्रिंग घ्यायची, तर तिला आधी सांगावं लागतं
मागे रोज काय असणार.
शून्य, दोनशे की चारशे पौंड.
कमी सांगितलंत तर भरल्यावर म्हशीसारखी बसकण मारेल.
जास्त सांगितलंत तर रिकामी असताना
प्रत्येक खड्डा मणक्याला कळवेल.

मणक्याचं मला कशाला सांगतोस बाबा.
बिस्तीकडच्या पन्हळी पत्र्यासारख्या रस्त्यांवरून
मी घरोघर जाते, मोडलेले खुबे चालते करायला.

आणि चार इंचांत, तो बोलतच होता,
पुढचा सांधा तिरका फिरतो, रबरी बूट फाटतो,
मग वरचा आर्म बदला, ब्रेकच्या नळ्या लांबवा.
हे मला लगेच पटलं.
घोटा बिघडलेला माणूस माझ्याकडे
गुडघ्याचीच तक्रार घेऊन येतो.

‘अडीच,’ मी म्हटलं.
‘आई!’

मग अन्वयला आयरीन नाकाईंचं सांगितलं.
वय चौऱ्याऐंशी, डावा खुबा नवा.
क्लिनिकला न्यायचं तर याच गाडीत चढवते.
पाय किती उचलला जातो ते मी दर मंगळवारी टेपने मोजते.
आठवड्याला अर्धा इंच.
चार इंच म्हणजे त्यांचे आठ आठवडे.
तो फोन खिशात घालून मांजरीकडे बघत बसला.

शनिवारी कचरा डेपोच्या वजनकाट्यावर
आम्ही गाडी उभी केली. पुढे गाद्या टाकायला आलेला ट्रक,
मागे कोणाचा तरी जुना फ्रीज.
पाण्याचे चार कॅन. घडीचं टेबल.
दोन वॉकर, हत्यारांची पेटी, जादा टायर.
आणि मागच्या सीटवर पसरलेला अन्वय,
बुटांसकट एकशे अठ्ठावन्न पौंड.

वेंडेलने चिठ्ठी वाचली, पेन्सिल कानामागून काढली.
‘हा रोज असतो?’

ऑगस्टपर्यंत, मी म्हटलं.
मग कॉलेज. टक्सन. सात तास.

त्याने काही न बोलता वजाबाकी केली.
अन्वय म्हणाला, ‘सुट्टीत येईन ना,’
आणि वेंडेल म्हणाला, ‘सुट्टीचं ओझं धरत नाहीत.
तेवढं स्प्रिंग सोसते.’

तीन आठवड्यांनी गाडी मिळाली. अडीच इंच.
पुढे-मागे सारखी नाही, मागे किंचित वर;
भरल्यावर सपाट होईल म्हणे.
संध्याकाळी घरी येताना
समोरचे सगळे दिवे मिचकावून शिव्या देत होते.
अन्वय खाली उतरला, बंपरपाशी उकिडवा बसला,
गाडी वर गेली की दिवे खाली वळवायला लागतात
हे त्याला माहीत होतं, मला नव्हतं.
गॅरेजच्या दारावर त्याने चिकटपट्टीची खूण केली.
‘अजून खाली?’ ‘अजून.’
स्क्रू फिरवत राहिला.
प्रकाश शेजाऱ्यांच्या खिडकीवरून घसरत,
कुंपणावरून, कचऱ्याच्या डब्यावरून
रस्त्यावर येईपर्यंत.