रकाना अकरा

आदरणीय महोदय, किंवा महोदया,
पत्राखाली तुमचं नाव नव्हतं, नुसती सही होती,
मेंढीनं सुतळीचा गुंडा ओढत नेल्यासारखी.
मी गुलबेगिम. शाळेत भूगोल शिकवते.
इंग्रजी मला येतं, म्हणजे
गावातल्या इतरांपेक्षा थोडं जास्त येतं,
म्हणून हा अंतिम अहवाल माझ्या गळ्यात.

पैसे पोचले. आधी तेच लिहिते.
जाळी खोरोगहून आली, चौदा गुंडाळ्या,
आणि जिथे नदीनं रस्ता खाल्लाय तिथून पुढे
खुशोमदच्या दोन गाढवांवर.
तुम्ही गाढवांच्या भाड्याची पावती मागता.
खुशोमद म्हणतो, शेजाऱ्याकडून भाडं घेतलं
असं लिहून दिलं तर बायको घरात घेणार नाही.
तर ते नव्वद सोमोनी खिळ्यांत गेले.
खिळे तुमच्या रकाना चारमध्ये बसत नाहीत.
छपरात बसले.

रकाना सहा. प्रकल्पापूर्वीची स्थिती.
एका रात्रीत एकतीस मेंढ्या.
छताच्या भोकातून हिमबिबट्या आत उतरला
आणि वर जायची वाट सापडेना
म्हणून मारत राहिला.
उजाडलं तेव्हा तो आतच होता, कोपऱ्यात,
पाठ भिंतीला लावून, लोकरीनं माखलेला.
माझ्या भावानं, दवलतशोनं, फावडं उचललं.

हे मी मूळ अर्जात लिहिलं नव्हतं.
तुम्ही विचारलंही नव्हतं.
कातड्याचं काय झालं मला माहीत नाही.
दवलतशो त्याच वसंतात रशियाला गेला, बांधकामावर.
तिकिटाचे पैसे कुठून आणले,
आईनं विचारलं नाही, मीही नाही.

रकाना आठ. मोजता येतील असे परिणाम.
मेलेल्या मेंढ्या: शून्य.
वीज दोन तास असते, त्यातली काही मिनिटं
हे शून्य गिरवण्यात गेली.
इतकं गोल काही मी फळ्यावरही काढलेलं नाही.

प्राण्याचा फोटो जोडा, असं म्हणता.
माझ्याकडे आहे तो छपराचा.
फेब्रुवारीत रात्रभर बर्फ पडला,
सकाळी तुळयांवरून, जाळीवरून पावलं,
एका कडेपासून मधोमध.
तिथे बर्फ वितळलेला,
एक अख्खं अंग मावेल एवढा.
खालून एकशेवीस मेंढ्यांची ऊब वर येत असणार.
तो तिथे बसला होता.
किती वेळ, ते बर्फ सांगत नाही.
मग पावलं आली तशी परत.
फोटोत हे नीट दिसत नाही.
वर्गातल्या मुलांना दिसलं.

रकाना अकरा. अनपेक्षित परिणाम, असल्यास.
आहे एक.
खुशोमद एक्केचाळीस हिवाळे त्या कोंडवाड्याशी
डोळ्यांत तेल घालून बसला,
शेकोटी, कुत्रा, आणि बडवायला तेलाचा रिकामा डबा.
आता जागायचं कारण उरलं नाही.
तो घरी निजतो. म्हणजे आडवा होतो.
उत्तररात्री उठून अंधारात काठी चाचपतो
आणि भिंतीवर ठोकतो, एकदा, दोनदा,
मग ओशाळून पाणी पितो.
बायको म्हणते, लग्नापासून मी एकटी झोपले,
हा कोण आणून ठेवलाय?
म्हणते, आणि त्याच्यासाठी उशी शिवते.
याला लाभात धरायचं की खर्चात,
तुमच्या सूचनांत मला सापडलं नाही.

शिल्लक दोनशे अकरा सोमोनी.
परत पाठवायला बँक तीनशे मागते.
सध्या ते शाळेत, आशियाच्या नकाशाच्या गुंडाळीत आहेत.
काय करायचं ते कळवा.

सही करून झाली होती.
मग दवलतशोचा फोन आला, रेंज तुटत होती.
छपराचं सांगितलं, पावलांचं सांगितलं.
बराच वेळ नुसता सिमेंटच्या यंत्राचा आवाज.
मग म्हणाला, दुसरा आला तर.
मी म्हटलं, काय?
म्हणाला, काही नाही. आईला सांग, जेवलो.