पाण्याआधीचा काळ

नववी ब. जेवणानंतरचा तास.
खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं,
इतकं रोजचं, की मुलं त्याच्याकडे बघतही नाहीत.
फळ्यावर मी लिहिते: गोष्ट. शंभर शब्द. इंग्रजीत.
काळ: भूत.

हिदिर सगळ्यांआधी वही आणून टाकतो.
मी उठलो. मी गेलो. मी मासा पकडला. मी पडलो. मी घरी आलो.
एकेक वाक्य खिळ्यासारखं ठोकलेलं
आणि खिळ्यांच्या मधे फळीच नाही.
"सगळं बरोबर आहे ना, होजाम?"
बरोबर आहे रे. तीच तर पंचाईत आहे.
तू पडलास तेव्हा मासा काय करत होता?
"मासा?"
हो, मासा.
"तडफडत होता."
लिही. आणि तुझा भाऊ?
"फोनवर बोलत होता, त्याला पत्ताच नव्हता."
बघ, आता तुझ्या पडण्याला जागा झाली.
आधीपासून काहीतरी चालू असावं लागतं,
तेव्हा कुठे माणूस त्यात पडतो.

ओक्तायला सवयीचा भूतकाळ सापडला
आणि त्यानं तो मिठासारखा सगळीकडे भुरभुरला.
आमचा कुत्रा भुंकायचा. आजी रागवायची.
मी अंकाराच्या दवाखान्यात जन्मायचो.
एकदाच, ओक्ताय, मी म्हटलं, एकदाच.
बाकं हसून खाली पडायची बाकी होती.

सेवगुल हसली नाही.
ती शेवटच्या बाकावर पेन्सिलचं टोक चावत होती.
"आपल्याकडे न पाहिलेल्या गोष्टीला वेगळा प्रत्यय आहे,
मिश. म्हणजे ऐकलंय, डोळ्यांनी बघितलं नाही.
इंग्रजीत तो कुठे असतो?"
नसतो, मी म्हटलं.
"मग ते लोक ऐकीव गोष्टी कशा सांगतात?"
पाहिल्यासारख्या.
तिला हे पटलं नाही. मलाही नाही,
पण पुस्तकात त्यावर धडा नव्हता.
"जुनं गाव माझ्यासाठी सगळं मिशच आहे," ती म्हणाली,
आणि लिहायला लागली.

घंटा झाली तेव्हा तिनं वही दिली. तीन ओळी.
पाणी आलं. दुकानं बुडाली. माझ्या वडिलांनी विजेचं बिल भरलं.
मी वाचलं आणि मला दिसलं:
एक माणूस बुडी मारून खिडकीपर्यंत पोहतोय,
ओल्या नोटा मोजतोय,
आणि पलीकडचा कारकून गालात हवा धरून शिक्का मारतोय.
यात आधी काय झालं, सेवगुल?
"बिल. सोमवारी बिल, गुरुवारी पाणी.
लोक हसले म्हणे. मीटरसुद्धा बुडणार होता.
ते म्हणाले, वापरली आहे ना वीज."
मग तुझा एक शब्द राहिलाय.
तिनं खोडलं नाही. दोन शब्दांच्या फटीत, वरून,
मुंगीएवढ्या अक्षरात घातला: हॅड.

पाणी आलं तेव्हा माझ्या वडिलांनी विजेचं बिल भरलं होतं.

अकरा वर्षं मी हा काळ फळ्यावर काढतेय,
एक आडवी रेघ, दोन फुल्या,
डावीकडची आधीची, उजवीकडची नंतरची.
डावीकडच्या फुलीत कुणी उभं असेल
असं मला कधी वाटलं नव्हतं,
खिशात पावती, कुणाचं काही देणं नाही,
आणि पाठीमागे अजून कोरडा रस्ता.

वर्ग रिकामा झाला. ती दाराशी थांबली.
"पावती अजून आमच्या कपाटात आहे.
ते कुठल्या भूतकाळात लिहू?"
कुठल्याच नाही. आहे, तर आहेच लिही.

वीज या शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं.
अर्धा गुण कापला.
रात्री उशिरा परत दिला.