पहाटेची पाळी, ऑकलंड

काउंटरवर लॅमिनेट केलेला कागद:
रबरी चपला नकोत, बनियन नको,
फाटकं-उसवलेलं काही नको.
ब्रॉनविन तो रोज पुसते. वाचत नाही.

आज दारात सेमिसी.
काळा शर्ट, आणि कमरेपासून पार छातीपर्यंत
केवड्याच्या पात्यांची विणलेली चटई,
जुनी, कडा झिजून झिरमिळ्या झालेल्या,
काथ्यानं करकचून आवळलेली.
पायात निळ्या स्लिपर.

कार्ड सोनेरी, कंपनीचं.
एरवी सुटात येतो,
ती न विचारता काळी कॉफी पुढे करते.

"आई गेली," तो म्हणाला. "टोंगाला चाललोय."
मग चटईकडे बघत, उगाच ओशाळून:
"आमच्यात हिच्याविना जाणं म्हणजे
उघडं जाणं."

आत कुणी एक, जिमच्या चड्डीत,
खुर्चीवर तंगड्या टाकून घोरतोय.
बूट मात्र नियमात बसणारे.

ब्रॉनविननं कार्ड टेकवलं. हिरवा दिवा.
स्लिपरचं काय, ते तिनं पाहिलंच नाही,
म्हणजे पाहिलं.

तो करकरत आत गेला.
गालिच्यावर पात्याचा एक तुकडा राहिला.
तिनं उचलला. टाकावा कुठे, कळेना.
नियमांच्या कागदाखाली सरकवला,
तात्पुरता.