बासष्ट-झिरो-तीन

आईच्या अंगठीचं माप पप्पांनी सोनाराला
बेअरिंगच्या नंबरात सांगितलं होतं.
बासष्ट-झिरो-तीन. सतरा मिलिमीटर भोक.
सोनार म्हणाला, प्रभू, लग्न करताय की गिरणी काढताय?
अंगठी बसली मात्र.
एकावन्न वर्षं साबण लावल्याशिवाय निघाली नाही.

हा किस्सा ते लोकांच्या तेराव्यालासुद्धा सांगायचे.
त्यांच्या स्वतःच्या तेराव्याला कुणी सांगितला नाही,
म्हणून इथे लिहून ठेवते.

नागदेवी स्ट्रीट, दुकान नऊ फूट बाय बावीस.
पाटीवर ‘त्रिलोकेकर अँड ब्रदर’.
ब्रदर म्हणजे बाळकाका, जे एकदाच आले,
उद्घाटनाचा पेढा खायला.
पाटी का बदलत नाही, असं विचारलं तर पप्पा म्हणायचे,
रंगारी अक्षरामागे दोन रुपये घेतो.

मे महिन्याच्या सुट्टीत मी गल्ल्याशेजारी बसायची.
ग्रीस, खाकी कागद, शेजारच्या तय्यबभाईंचा काळा चहा.
जुनं बेअरिंग कुणी आणलं की
पप्पा डोळे मिटून त्यात बोट फिरवायचे
आणि नंबर सांगायचे.
मग कानाशी धरून,
“दळण येतंय, ऐक. आत खडा गेलाय.”
हा कान घरी चालत नसे.
दादा दुकानात बसणार नाही हे
भिकाजी हमालालासुद्धा दोन वर्षं आधी कळलं होतं.
पप्पांना कळलं ते
त्याचं नोकरीचं पत्र पोस्टमननं दुकानातच आणून दिलं तेव्हा.

ब्याऐंशीच्या संपात गिऱ्हाइकं बुडाली, बिलं राहिली.
ती त्यांनी बिस्किटांच्या डब्यात जपली.
पुढे लोअर परळला गेलो की
एका चाळीस मजली इमारतीकडे बोट करून म्हणायचे,
“हिच्या पायात माझे अकरा हजार चारशे आहेत.”
नातवाला वाटायचं, आजोबा बिल्डर होते.

दुकान तय्यबभाईंच्या नातवाला दिलं,
किल्ली दिली, कॅलिपर दिला नाही.
रविवारी कोलंबीचं भानोलं ते स्वतः करायचे
आणि वडीची जाडी त्याच कॅलिपरनं मोजायचे.
बाकीचे सहा दिवस, चार वाजता,
दुर्बीण आणि उरलेली एक खातेवही घेऊन
माझगावच्या टेकडीवर.
तिथून बंदर दिसतं.
आलेली बोट जमा, गेलेली बोट नावे.
झेंडा, रंग, लाल पोट किती वर आलंय,
म्हणजे भरलेली की रिकामी.
चौदा वर्षं. पानागणिक बेरीज.
शिल्लक कधीच जुळली नाही, याची त्यांना खरोखर चिंता असे.

आई गेली त्या मंगळवारची नोंद मी शोधली.
एकच ओळ.
नावे: पांढरी, झेंडा दिसला नाही, पूर्ण भरलेली, सावकाश.
त्या मंगळवारी ते टेकडीवर गेलेच नव्हते.
सकाळपासून रात्रीपर्यंत
मसीना हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या शेजारी बसून होते,
मांडीवर आईची पर्स.

काल दुपारी एक माणूस आला,
रुमालात बेअरिंग बांधून.
नंबर घासून गेलेला.
नागदेवीवर कुणीतरी अजून घरचा पत्ता देतं.
शेठ आहेत?
नाहीत म्हटलं. तो रुमाल बांधू लागला.
थांबा.
माझी अनामिका आईची आहे, सगळे म्हणतात.
घालून पाहिली. सैल होतं.
“झिरो-चार असेल,” मी म्हटलं, “बासष्ट-झिरो-चार.”
नक्की?
मी ते त्याच्या कानाशी नेऊन फिरवलं.
दळण येतंय का, पाहा.
तो म्हणाला, ताई, खाली रस्ता खणतायत,
काही ऐकू येत नाही.