व्रणोपचारक : पद एक

पाच वाजून दहा मिनिटांनी मोबाइलवर पत्र आलं.
तारांकित प्रश्न. अतितात्काळ. आजच.
माहिती निरंक असल्यास निरंक कळवा.
डब्याची पिशवी मी पुन्हा खुंटीला लावली.
कळमनुरीच्या स्टँडवरून हिंगोलीची बस
माझ्याशिवाय गेली.

नागपूरला अधिवेशन. कुण्या सन्माननीय सदस्यानं विचारलंय :
पशुवैद्यकीय दवाखान्यांतील पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय,
असल्यास, जनावरे उपचाराविना दगावत आहेत, हेही खरे आहे काय,
असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली,
नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

विलंबाची कारणं मला घरीही विचारतील,
तारांकन न लावता.

तक्ता उघडला. मंजूर, भरलेली, रिक्त, शेरा.
शिरवाडीच्या ओळीवर थांबले.
पशुधन विकास अधिकारी : एक, रिक्त.
कार्यभार ज्यांच्याकडे, त्यांच्याकडे आधीच तीन गावं आणि एक जुनी स्कूटर.
पर्यवेक्षक : एक, निवडणूक शाखेत, तात्पुरता, चार वर्षं.
परिचर : रिक्त.
व्रणोपचारक : एक, भरलेले.

भरलेले म्हणजे मुनीरभाई.
सय्यद मुनीर सय्यद रज्जाक, रुजू एकोणीसशे एक्क्याण्णव.
कुलूप तेच काढतात, झाडतात तेच,
लसींच्या पेटीत बर्फ तेच भरतात,
आणि अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून
पारडाचे पाय चाचपतात, डोळे मिटून,
जसं कुणी कोनाड्यात किल्ली शोधावी.
मग रजिस्टरात सहीची जागा कोरी ठेवतात,
कारण ते काम त्यांचं नाही.

फोन लावला. किती आली, किती दगावली?
मागं एक म्हैस रेकत होती.
"लिव्हा मॅडम, आज बावीस. दगावली एक.
ती बी इथं नाई, वढ्यापाशी, आणता आणता.
तिला मोजायचं का?"

प्रश्नात ओढा नव्हता.
मी थोडा वेळ पंख्याकडं पाहिलं, थंडीत बंद असलेल्या.
मग लिहिलं : एक.

माझी एक म्हैस हिंगोलीला गेली,
तिथून संभाजीनगर, तिथून पुणे,
जसं गावोगावचं दूध
शीतकरणाच्या एकाच टाकीत पडतं
आणि कुणाच्या गोठ्याचं, ते विचारायची सोय उरत नाही.

आठव्या दिवशी मुनीरभाईंच्या पोरानं व्हिडिओ पाठवला.
मंत्रिमहोदय उठले. चष्मा लावला. घोटभर पाणी.
हे अंशतः खरे आहे, म्हणाले.
हे खरे नाही, म्हणाले.
पुढं एका शब्दाला अडखळले,
वर्णोपचारक, असं वाचलं,
मागच्या बाकावर कुणी हसलं,
सदर संवर्ग मृत घोषित केलेला असल्याने
धारकाच्या सेवानिवृत्तीनंतर पद व्यपगत होईल,
आणि विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही.
बाक वाजले. पुढला प्रश्न रस्त्यांचा होता.

मुनीरभाईंचा फोन आला.
मला वाटलं, विचारतील : मॅडम, मृत म्हंजी कसं?
मी उत्तर तयार ठेवलं होतं, परिपत्रकाच्या क्रमांकासकट.
ते म्हणाले, "सायबांनी माझं नाव घेतलं की हो विधानसभेत.
नीट नाई घेता आलं, पण घेतलं."
मग म्हणाले, "ठिवतो. पाय उलटे यायलेत."

त्या तिमाहीच्या तक्त्यात
व्रणोपचारक, एक, यासमोर
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं : हयात.

काल हिंगोलीहून पत्र आलंय.
"हयात" हा शेरा विहित नमुन्यात बसत नाही,
तरी स्पष्टीकरण तात्काळ सादर करावे.

पाच वाजून गेलेत.
पत्रावर पेपरवेट ठेवलाय.