वरची फळी

सौद्यातला बेदाणा उचलला
की तासगावच्या गोदामाची फरशी मोकळी होते.
तिथं चाकं बांधून आम्ही हॉकी खेळतो.
शब्द मात्र बर्फावरचे,
हवालदार जमदाडेंनी लेहच्या गोठल्या तळ्यावरून आणलेले.
आम्ही बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या रंध्याखाली.

'टॉप शेल्फ म्हणजे काय, सर?'
'वरची फळी गं.
गोली गुडघ्यांवर बसला, खालचं सगळं झाकलं,
तरी आडव्या दांडीखाली वीतभर उरतंच.
चकती तिथं ठेवायची.
मारायची नाही. ठेवायची.'

कळलं मला.
आमच्या वरच्या फळीवर पाहुण्यांसाठीचा डबा आहे,
त्यामागं आईची पुरचुंडी.
स्टूल करकरतं, म्हणून
चवड्यांवर उभं राहून, मनगट वळवून,
झाकण न वाजवता मूठभर काढायचं,
हे मी तिसरीपासून करतेय.
आता तेच उलटं.

शनिवारी गोलात नाझनीन मुलाणी होती.
बसली. गुडघे मिटले.
मी मनगट वळवलं
आणि दांडी वाजली,
थेट डब्याच्या झाकणासारखी.

आत गेली का बाहेर, यावर नाझनीन अजून भांडते.
मला ते दिसलंच नाही.
मी, सवयीनं,
आई आली का ते
मागं वळून बघत होते.