स्थानिक भाषा, अस्पष्ट

सांबऱ्याच्या धावपट्टीवरून घसरून
विमान गवतात थांबलं, तेव्हा
भरमा कंग्राळकर शिडी घेऊन सगळ्यांत आधी पोचला.
माणसं उतरली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.
एका बाईची चप्पल तेवढी गेली.

कॉकपिटात दिवे चालूच होते.
म्हणजे शेपटातली ती नारिंगी पेटी,
तिला काळी का म्हणतात देव जाणे,
अजून ऐकत होती
आणि ऐकता ऐकता मागचं पुसत होती.
दोनच तास मावतात तिच्यात.
तिसरा आला की पहिला निघतो,
भाडेकरूसारखा, सामानासकट.

फोनवर कंपनीचे साहेब:
'राहू दे की चालू. घाई काय?'
भरमानं ब्रेकर ओढला.
लाल चिठ्ठी बांधली, वेळ घातली, सहा चव्वेचाळीस,
आणि हात लावू नये असं लिहिलं,
एकदा कानडीत, एकदा मराठीत.

त्याच्या जरा आधी
को-पायलट पोरगी
दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेली,
थरथरताना दिसू नयेत म्हणून.
हा वाकून म्हणाला होता,
'भिऊ नको गे बाय. टेकलीस की जमिनीला.'

आठ महिन्यांनी दिल्लीचा अहवाल आला.
वारा, वेग, ओली पट्टी,
शिव्यांच्या जागी फुल्या.
शेवटची ओळ:
अनोळखी पुरुष. स्थानिक भाषा. अस्पष्ट.

भरमानं ती दोनदा वाचली.
मग भाकरी मोडता मोडता
शेजारच्या ईरण्णाला विचारलं,
'तुला तरी कळलं असतं काय रे?'
ईरण्णानं चटणी पुढं सारली.
'हौद. बाय म्हंजे अक्का.'